गाव ‘जोडलं’ म्हणजे नेमकं काय? व्हीपीएलएस, भारतनेटची रिंग आणि आपली वांगणी

‘नेट गेलंय, उद्या या.’ बँकेत, पोस्टात, सेतू केंद्रात, रेशन दुकानात हे वाक्य आपण सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलंय. गंमत म्हणजे त्याच वेळी आपल्या हातातल्या फोनवर रील्स मस्त चालू असतात. मग नेट गेलं कुणाचं?

बहुतेक वेळा गेलेलं असतं ते त्या ऑफिसचं नेटवर्क. फोनचं नेट म्हणजे सगळ्या जगाकडे जाणारा सार्वजनिक रस्ता. बँकेची शाखा किंवा रेल्वेची तिकीट खिडकी मात्र आपल्या मुख्य सर्व्हरशी बऱ्याचदा वेगळ्या, खाजगी वाटेने जोडलेली असते. ही वाट कशी बांधतात आणि ती का बंद पडते, हे आज समजून घेऊ. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि वांगणीत राहतो, त्यामुळे उदाहरणं आपल्याच भागातली देतो.

आत्ताच हा विषय का?

दोन बातम्या आहेत. दोन्ही वेगवेगळ्या पानांवर छापून आल्या, पण वांगणीसाठी त्या एकमेकींत गुंतलेल्या आहेत.

पहिली बातमी भारतनेटची. गावोगावच्या ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याच्या या योजनेला केंद्राने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी दिली, तेव्हा तिचं नाव वेगळं होतं. २०१५ मध्ये ती ‘भारतनेट’ झाली. दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्राने हे काम ‘महानेट’ या नावाने महाआयटी कंपनीमार्फत हाती घेतलं. पुढे ४ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने सुधारित भारतनेट कार्यक्रम मंजूर केला. खर्च १ लाख ३९ हजार ५७९ कोटी रुपये. यात सुमारे २.६४ लाख ग्रामपंचायती रिंग पद्धतीने जोडायच्या आहेत आणि तालुका व ग्रामपंचायत पातळीवर एमपीएलएस तंत्राचे राउटर बसवायचे आहेत. रिंग आणि एमपीएलएस, हे दोन शब्द लक्षात ठेवा.

दुसरी बातमी रेल्वेची. नोव्हेंबर २०२५ मध्ये बदलापूर–कर्जत तिसऱ्या आणि चौथ्या मार्गिकेला केंद्राने मंजुरी दिली. लांबी सुमारे ३२ किलोमीटर, आणि वांगणी नेमकी या पट्ट्यात. लोकलच्या गर्दीत रोज लटकणाऱ्यांना याचा आनंद आहेच. पण नवीन रूळ म्हणजे खोदकाम, आणि खोदकाम म्हणजे जमिनीखालच्या फायबरची परीक्षा.

आधी लॅन, मग व्हीपीएलएस

एका ऑफिसातले संगणक, प्रिंटर, सीसीटीव्ही कॅमेरे एका स्विचला जोडले की झालं लॅन. घरातला वायफाय राउटर हेही छोटं लॅनच. लॅनमध्ये प्रत्येक उपकरणाची ओळख म्हणजे त्याचा मॅक ॲड्रेस, ४८ बिटांचा एक क्रमांक. कुठल्या तारेवर कोण बसलंय हे स्विच आपोआप शिकतो. नवीन कुणी आलं तर ‘हा पत्ता कुणाचा आहे रे?’ असं सगळ्यांना एकदम विचारलं जातं. याला ब्रॉडकास्ट म्हणतात. फलाटावरच्या भोंग्यातून झालेली घोषणा जशी गाडीची वाट बघणाऱ्याला आणि वडापाव खाणाऱ्याला सारखीच ऐकू येते, तसं.

आता समजा एका संस्थेची चार ऑफिसं आहेत: अंबरनाथ, ठाणे, पुणे, नागपूर. संस्थेला वाटतं की चारही ठिकाणचे संगणक एकाच स्विचला जोडल्यासारखे वागावेत. नागपूरपर्यंत स्वतःची केबल टाकणं शक्य नाही. इथे टेलिकॉम कंपनी व्हर्च्युअल प्रायव्हेट लॅन सर्व्हिस, म्हणजेच व्हीपीएलएस देते. प्रत्येक ऑफिसात कंपनीची एक तार येते. ती तार कंपनीच्या जवळच्या राउटरला लागते. कंपनीचे असे सगळे राउटर एकमेकांत ‘आभासी तारा’ ओढतात आणि मिळून एका प्रचंड मोठ्या स्विचची भूमिका करतात. अंबरनाथच्या संगणकाला वाटतं, नागपूरचा प्रिंटर शेजारच्याच टेबलावर आहे.

यातली ‘आभासी तार’ प्रत्येक राउटरपासून दुसऱ्या प्रत्येक राउटरपर्यंत लागते. ५ राउटर असतील तर १० तारा. ५० असतील तर १,२२५. ३०० असतील तर ४४,८५०. एका तारेवरून आलेला निरोप दुसऱ्या आभासी तारेवर परत पाठवायचा नाही, हा इथला नियम. नाहीतर तोच निरोप गोल गोल फिरत राहील. व्हीपीएलएसची दोन प्रमाणित रूपं जानेवारी २००७ मध्ये आली, म्हणजे तंत्रज्ञान चांगलंच मुरलेलं आहे. बीएसएनएलसह अनेक कंपन्या ते विकतात.

डब्यावरची खूण: एमपीएलएस

या आभासी तारा ज्यावर चालतात ते तंत्र म्हणजे एमपीएलएस. मुंबईकरांना हे समजायला अगदी सोपं आहे, कारण आपल्याकडे डबेवाले आहेत. स्टेशनवर डबे वेगळे करताना डबेवाला पूर्ण पत्ता वाचत बसत नाही. झाकणावरची खूण बघतो आणि डबा योग्य गटात टाकतो. एमपीएलएसमध्येही मधले राउटर पॅकेटचा पूर्ण पत्ता उलगडत नाहीत, फक्त वर चिकटवलेलं छोटं लेबल बघतात आणि पुढे ढकलतात.

एक फरक आहे. डब्यावरची खूण शेवटपर्यंत तीच राहते, इथे मात्र प्रत्येक राउटर जुनं लेबल काढून पुढच्या टप्प्याचं लावतो. शिवाय लेबलं दोन असतात. बाहेरचं सांगतं, ‘कुठल्या राउटरपर्यंत न्यायचं’. आतलं सांगतं, ‘हे कुठल्या ग्राहकाचं आहे’. त्यामुळे एकाच फायबरवरून बँक, शाळा आणि सरकारी ऑफिस, तिघांची वाहतूक जाऊ शकते आणि कुणाची कुणात मिसळत नाही. सुधारित भारतनेटमध्ये एमपीएलएसचे राउटर ग्रामपंचायतीपर्यंत आणण्याला महत्त्व आहे ते यामुळे. नुसतं इंटरनेट देण्यापलीकडे, गावातल्या वेगवेगळ्या ऑफिसांना वेगवेगळं खाजगी नेटवर्क त्याच तारेवरून देता येतं.

फोनातलं व्हीपीएन म्हणजे हेच का?

नाही, आणि हा गोंधळ फार जणांचा होतो. फोनमधलं व्हीपीएन ॲप तुमचा डेटा कुलूपबंद करतं, म्हणजे एन्क्रिप्ट करतं, आणि सार्वजनिक इंटरनेटवरून दुसऱ्या सर्व्हरकडे नेतं. व्हीपीएलएस डेटा *वेगळा* ठेवतं, पण स्वतःहून *कुलूप* लावत नाही. ‘आमची लाइन प्रायव्हेट आहे, म्हणून सुरक्षित आहे’ असं कुणी म्हणालं तर विचारा, ‘एन्क्रिप्शन कोणतं?’ खाजगी गल्लीतून उघडी पाकिटं नेली, तर गल्लीत शिरलेल्याला ती वाचता येणारच.

एकच मोठं लॅन: सोय आणि पंचाईत

सगळं एका लॅनमध्ये आणण्याचा मोह मोठा असतो. जुनं अकाउंटिंग सॉफ्टवेअर, जुने हजेरीचे यंत्र, फक्त लॅनवरच चालणारे प्रोग्रॅम काही न बदलता चालतात. पण तीन अडचणी येतात.

पहिली, गोंगाट. ब्रॉडकास्टची घोषणा आता एका ऑफिसापुरती राहत नाही, सगळ्या शाखांना ऐकू जाते. शाखा वाढल्या की फुकटचा गोंगाट वाढतो आणि बारीक लाइन असलेल्या गावातल्या शाखेला त्याचा सगळ्यात जास्त त्रास होतो.

दुसरी, लूप. आयपी पॅकेटमध्ये एक काउंटर असतो, जास्तीत जास्त २५५. प्रत्येक राउटरवर तो एकाने कमी होतो आणि शून्य झाला की पॅकेट मरतं. लॅनच्या इथरनेट फ्रेममध्ये असा काउंटरच नाही. कुठे चुकून वर्तुळ तयार झालं तर ब्रॉडकास्ट फ्रेम फिरत राहते, तिच्या प्रती होत राहतात आणि काही सेकंदांत नेटवर्क ठप्प. मी पूर्वी ज्या कंपनीत होतो, तिथे ठाणे आणि पुणे ऑफिस असंच एका लॅनमध्ये होतं. एका संध्याकाळी ठाण्यातल्या मीटिंग रूममध्ये सफाईनंतर लोंबणाऱ्या केबलचं दुसरं टोकही कुणीतरी त्याच स्विचमध्ये खोचलं. लूप टाळायची सेटिंग त्या स्विचवर बंद होती. बंद पडले ते पुण्यातले फोन! केबल ठाण्यात, बोंब पुण्यात. दीड तास सगळे पुण्यातच दोष शोधत होते.

तिसरी, अंतर. लॅनसारखं वागलं म्हणून अंतर मिटत नाही. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे १,००० किलोमीटरला एका बाजूने ५ मिलिसेकंद, जाऊन-येऊन १०. ऐकायला काहीच नाही. पण लॅनसाठी लिहिलेलं जुनं सॉफ्टवेअर एक स्क्रीन उघडायला सर्व्हरशी २०० वेळा बोलत असेल, तर झाली २ सेकंदं. क्लार्क म्हणतो ‘सिस्टीम स्लो आहे’, आणि लाइन मात्र एकदम ठणठणीत असते.

म्हणून आज बऱ्याच संस्था प्रत्येक शाखेचं लॅन वेगळं ठेवतात आणि शाखा-शाखांमध्ये राउटिंग करतात. एका शाखेतला गोंगाट दाराबाहेर जात नाही. ज्यांना खरंच एकच लॅन ताणायचं आहे, उदाहरणार्थ दोन डेटा सेंटरमध्ये, त्यांच्यासाठी २०१५ मध्ये प्रमाणित झालेलं ईव्हीपीएन आहे. त्यात कुणाचा पत्ता कुठे आहे हे राउटर एकमेकांना आधीच सांगतात, दरवेळी भोंग्यावरून विचारावं लागत नाही. शिवाय एका ऑफिसला दोन तारा दिल्या तर दोन्ही एकाच वेळी कामाला लावता येतात.

तोडता येणं हीसुद्धा सोय आहे

३१ जुलै २०२४ ची घटना आठवा. छोट्या बँकांना तंत्रज्ञान पुरवणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. देशातल्या सुमारे ३०० छोट्या बँका, त्यात सहकारी आणि ग्रामीण बँकाही, तिच्यावर अवलंबून होत्या. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने त्या कंपनीची प्रणाली आपल्या नेटवर्कपासून लगेच तोडली. त्या बँकांच्या ग्राहकांचे व्यवहार थांबले, पण देशभरातलं यूपीआय चालू राहिलं. तपासणीनंतर १ ऑगस्टला जोडणी पूर्ववत झाली.

हा व्हीपीएलएसचा दोष नव्हता. पण नेटवर्क बांधणाऱ्यासाठी यातला धडा नेमका आहे. जोडणी अशी करा की एक भाग बिघडला तर तो चटकन वेगळा काढता येईल आणि बाकीचे चालू राहतील. सगळ्यांना एका लॅनमध्ये कोंबलं तर कापायचं कुठे, हेच कळत नाही.

आता वांगणीकडे: रेषा की रिंग?

भारतनेटच्या सुरुवातीच्या टप्प्यात तालुक्यापासून ग्रामपंचायतीपर्यंतची जोडणी बहुतेक रेषेसारखी होती. झाडाच्या फांदीसारखी म्हणा. फांदी मध्ये तुटली की पुढची सगळी पानं गेली. सुधारित कार्यक्रमात याची रिंग करायची आहे. एका बाजूने जेसीबीने फायबर तोडलं तर डेटा उलट बाजूने फिरून येतो. आणि हे राउटर आपोआप करतात, माणूस पोचायच्या आधी.

कागदावर हे छान आहे. पण वांगणीचा नकाशा डोळ्यासमोर आणा. एका बाजूला चंदेरीचे डोंगर, दुसऱ्या बाजूला उल्हास नदी. मधल्या चिंचोळ्या पट्ट्यातून रूळ आणि बदलापूर–कर्जत रस्ता. रेल्वेच्या रुळांशेजारून रेलटेलचं फायबर जातं. २००० साली स्थापन झालेल्या या सरकारी कंपनीचा तोच मुख्य व्यवसाय आहे. जुलै २०१९ मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुराच्या पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं, ते याच पट्ट्यात. इथे पाणी भरलं की ते रूळ, रस्ता आणि केबल असा भेदभाव करत नाही.

रिंगच्या दोन्ही बाजू एकाच रस्त्याच्या कडेने, एकाच चरातून गेल्या, तर ती नावालाच रिंग. एक जेसीबी दोन्ही तारा एकाच फावड्यात काढतो. खरी रिंग व्हायची तर एक वाट बदलापूरकडून आणि दुसरी नेरळकडून यायला हवी.

आणि इथे खरी गोम आहे. रिंगची आखणी तालुका धरून होते. वांगणी अंबरनाथ तालुक्यात, ठाणे जिल्ह्यात. पुढचंच स्टेशन शेलू कर्जत तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्ह्यात. फायली तालुक्याच्या हद्दीत अडकल्या तर वांगणीच्या दोन्ही वाटा बदलापूरकडूनच येतील, कारण नेरळ ‘दुसऱ्यांचं’ आहे. लोकल ही हद्द पाळत नाही, पूरही पाळत नाही. फायबरने तरी का पाळावी? रिंग दोन तालुक्यांतून बंद करण्यात तंत्रज्ञानाची काहीच अडचण नाही. दोन कार्यालयांनी एका नकाशावर बसायची अडचण आहे.

वेळही हीच आहे. तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेसाठी जमीन उकरली जाईलच. त्याच कामात केबलसाठी वेगळा, नीट खोलीवरचा मार्ग ठेवला तर दुसऱ्यांदा खोदावं लागणार नाही. बेशिस्त खोदकामामुळे देशात दरवर्षी सुमारे ३,००० कोटी रुपयांचं नुकसान होतं, असं केंद्र सरकारनेच सांगितलंय. म्हणून २२ मार्च २०२३ ला ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप आणलं. खोदणाऱ्याने आधी त्यात नोंद करायची, म्हणजे जमिनीखाली ज्यांच्या केबल, पाइप आहेत त्यांना सूचना जाते.

‘फायबर गेलं तर काय, फाइव्ह-जी आहेच की!’ असं वाटेल. पण मोबाइल टॉवरलाही मागून जोडणी लागते आणि ती अनेकदा फायबरचीच असते. त्या टॉवरचं फायबर त्याच चरातून जात असेल तर तुमचा हॉटस्पॉटही त्याच वेळी मान टाकेल.

हे कुणाला भोवतं?

ज्याच्याकडे बाइक आहे, वेळ आहे, तो बदलापूरला जाऊन काम करून येतो. पण वांगणीत अंध बांधवांची बरीच कुटुंबं राहतात. त्यातले अनेक जण लोकलमध्ये वस्तू विकून पोट भरतात. त्यांच्यासाठी ‘उद्या या’ म्हणजे आणखी एका दिवसाची कमाई बुडाली, पुन्हा कुणाला तरी सोबत घेऊन यायचं. रेशनच्या मशीनवर अंगठा लागला नाही, दाखला निघाला नाही, निराधार योजनेची रक्कम बँकेतून काढता आली नाही, की या प्रत्येकाच्या मागे कुठेतरी एक तार असते. ती एकच असेल तर किंमत सगळ्यात आधी यांना मोजावी लागते.

ग्रामसभेत विचारायचे चार प्रश्न

नेटवर्कचा कोर्स केला नसला तरी हे प्रश्न कुणीही विचारू शकतं. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, यातली जवळची ग्रामसभा गाठा.

१. आपल्या ग्रामपंचायतीला येणाऱ्या दोन वाटा कुठून येतात? नकाशावर बोट ठेवून दाखवा. दोन्ही एकाच पुलावरून किंवा एकाच चरातून असतील तर ती एकच वाट धरा.

२. तार तुटली तर किती तासांत दुरुस्त करायचं बंधन आहे आणि तक्रार कुणाकडे करायची? सुधारित भारतनेटच्या कंत्राटांत बांधणीनंतर १० वर्षांची देखभाल धरलेली आहे. म्हणजे ‘बसवून निघून गेले’ हे उत्तर चालणार नाही.

३. ग्रामपंचायत, शाळा, दवाखाना यांचं नेटवर्क वेगळं आहे की सगळे एकाच लॅनवर? शाळेतल्या एका संगणकातला व्हायरस ग्रामपंचायतीच्या संगणकात पोचता कामा नये.

४. वीज गेली तर राउटर किती वेळ चालतो? दोन फायबर असून बॅटरी नसेल, तर लाइट गेल्यावर दोन्ही सारख्याच मुक्या.

यातल्या एकाही उत्तरासाठी मोठं गुपित फोडावं लागत नाही. उत्तर लेखी मागा आणि त्याचा फोटो गावाच्या ग्रुपवर टाका.

थोडक्यात

व्हीपीएलएसने दूरची ऑफिसं एका लॅनमध्ये आणता येतात. ते उपयोगी आहे, पण त्याने बिघाडसुद्धा एकत्र होतात. गरज असेल तिथेच एक लॅन ताणावं, बाकी ठिकाणी वेगळी लॅन ठेवून राउटिंग करावं. आणि वरचं तंत्रज्ञान कितीही भारी असलं तरी ते शेवटी जमिनीतल्या तारेवरच चालतं. सरकारी यादीत ‘ग्रामपंचायत जोडली’ अशी टिकमार्क एका तारेनेही होते. वांगणीला दोन हव्यात, आणि दुसरी नेरळच्या बाजूने. मार्गिकेचं खोदकाम सुरू व्हायच्या आधी हे ठरलं, तर खर्च कमी येईल. नंतर ठरलं तर पुन्हा उकरावं लागेल.

तुमच्या गावात दुसरी वाट कुठून येते? शोधून काढा आणि खाली कमेंटमध्ये लिहा. नकाशा मिळाला तर फारच उत्तम.